रॉक गाण्याचा टॅब करून घ्यायचाय? पैसे देण्याआधी बार मोजा

जुन्या रॉक गाण्याचा गिटार टॅब तुम्हाला फुकटात पडू शकतो, पाच-सातशे रुपयांत पडू शकतो आणि चार-पाच हजारांतही. दर गाण्यावर कमी आणि तुम्ही नेमकं काय मागता यावर जास्त ठरतो. त्यामुळे कुणालाही काम देण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून काढा: कोणतं रेकॉर्डिंग, कोणकोणत्या गिटार, आणि किती बार. या तीन गोष्टी तुमच्याकडे नसतील तर समोरचा सांगेल तो भाव तुम्हाला मान्य करावा लागेल.

बोलण्याला पाया हवा म्हणून एकच गाणं धरू: ईगल्सचं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’, 1976च्या अल्बममधलं. साडेसहा मिनिटं लांबी, सुरुवातीला सातव्या फ्रेटवर कॅपो लावलेली बारा तारांची गिटार, शेवटी दोन इलेक्ट्रिक गिटारांचा दोन मिनिटांहून मोठा सोलो. टॅब करताना येणाऱ्या जवळजवळ सगळ्या अडचणी आणि सगळे छुपे खर्च या एका गाण्यात सापडतात.

आधी तयार टॅब आहे का ते बघा

गाजलेल्या गाण्यांचे परवाना घेतलेले टॅब विकत मिळतात. म्युझिकनोट्स किंवा शीट म्युझिक डायरेक्ट अशा संकेतस्थळांवर एका गाण्याचा डिजिटल टॅब साधारण 5 ते 8 डॉलरला पडतो. डॉलर 90 रुपये धरला तर 450 ते 720 रुपये. पैसे भरले की लगेच डाउनलोड. नवीन काम करून घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त आहे, आणि तरीही अनेक जण ही पायरी गाळून थेट काम करणारा शोधायला निघतात.

पण ‘विकत घ्या’ दाबण्याआधी उत्पादनाचं नाव नीट वाचा. ‘पियानो, व्होकल, गिटार’ असं लिहिलेल्या प्रतीत बहुतेक वेळा टॅब नसतोच. पियानोचं नोटेशन, शब्द आणि वर कॉर्डच्या छोट्या आकृत्या, एवढंच. ‘ईझी गिटार’ म्हणजे सोपी केलेली आवृत्ती. मूळ सोलो तिच्यात मिळेलच असं नाही. तुम्हाला हवा तो प्रकार ‘गिटार टॅब’ या नावाखाली असतो. रेकॉर्डिंगप्रमाणे स्वरलेखन आणि टॅब दोन्ही असलेला. पहिल्या पानाचा नमुना बहुतेक ठिकाणी फुकट दिसतो. त्यात कॅपोचा उल्लेख आहे का, ‘गिटार 1’, ‘गिटार 2’ असे वेगळे भाग आहेत का, ते पाहा. किती वेळा छापता येईल याचीही मर्यादा असू शकते. आणि डिजिटल प्रत डाउनलोड झाली की पैसे परत मिळतील हे गृहीत धरू नका.

छापील पुस्तक हवं असेल तर मुंबईत धोबी तलावचं फुर्टाडोज हा पहिला पत्ता. गोव्यातही त्यांची दुकानं आहेत. एका गाण्यासाठी अख्खं पुस्तक घेणं परवडत नाही, पण त्याच बँडची आठ-दहा गाणी वाजवायची असतील तर दर गाण्यामागे पुस्तकच स्वस्त पडतं. जाण्याआधी फोन करून ‘रेकॉर्डेड व्हर्जन’ प्रकारचं, म्हणजे रेकॉर्डिंगप्रमाणे टॅब असलेलं, पुस्तक शिल्लक आहे का ते विचारा. मागवावं लागलं तर वेळ लागतो.

वापरकर्त्यांनी संकेतस्थळांवर चढवलेले फुकट टॅब? ताडून पाहायला ते जरूर वापरा, पण आंधळेपणाने नको. साध्या टाइप केलेल्या टॅबमध्ये कोणत्या तारेवर कोणता फ्रेट एवढंच असतं. कोणता स्वर किती मात्रा टिकतो हे नसतं. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’च्या बाबतीत आणखी एक घोटाळा होतो. कॅपो लावलेल्या गिटारचे आकडे कॅपोपासून मोजतात, म्हणजे टॅबमधला शून्य हा खरा सातवा फ्रेट असतो. बी मायनर ऐकू येतो, हात मात्र ई मायनरच्या आकारात असतो. एफ शार्प ऐकू येतो तेव्हा बोटं बी सेव्हनवर असतात. सोलोच्या गिटारला कॅपो नाही, तिचे आकडे नेहमीप्रमाणे. एकाच टॅबमध्ये या दोन पद्धती न सांगता मिसळलेल्या दिसल्या तर तो टॅब बाजूला ठेवा.

मग पैसे देऊन करून घ्यावा कधी?

तीनच कारणं मला पटतात. एक, तुम्हाला हवं ते रेकॉर्डिंग तयार टॅबमध्ये नाही. ईगल्सनी 1994 साली ‘हेल फ्रीझेस ओव्हर’मध्ये हेच गाणं अकूस्टिक गिटारवर, नव्या लांब सुरुवातीसह वाजवलं. आपल्याकडे अनेकांच्या कानात तीच सुरुवात बसलेली आहे. 1976चा टॅब विकत घेऊन ती सापडणार नाही. दोन, तुमच्या बँडमध्ये गिटार एकच आहे आणि दोन गिटारांचा भाग एकीवर आणायचा आहे. तीन, गाण्याची पट्टी तुमच्या गायकाच्या गळ्यानुसार बदलायची आहे आणि नुसता कॅपो सरकवून ते जमत नाही.

यातलं एकही कारण लागू नसेल तर तयार टॅब घ्या आणि पुढचा पैशांचा भाग सोडून द्या.

बार मोजणं: इथेच पैसे वाचतात

काम करणारे बहुतेक जण मिनिटांवर दर सांगतात: गाण्याच्या एका मिनिटाला अमुक, प्रत्येक जादा गिटारला तमुक. ग्राहकाला हे महाग पडतं, कारण रॉक गाण्यात पुनरावृत्ती भरपूर असते आणि एकदा लिहिलेला भाग पुन्हा लिहायला वेळ लागत नाही.

हिशेब करून पाहा. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’चा वेग मिनिटाला 75 मात्रांच्या आसपास. साडेसहा मिनिटांत सुमारे 480 मात्रा. चार मात्रांचा एक बार, म्हणजे सगळे मिळून 120 बार. ऐकताना ते डोंगराएवढं वाटतं. पण गाण्याचा पाया आठ बारांची आठ कॉर्ड आहेत: बी मायनर, एफ शार्प, ए, ई, जी, डी, ई मायनर, एफ शार्प. एक फेरी साधारण 26 सेकंदांची. सुरुवातीचं वादन म्हणजे याच्या दोन फेऱ्या, कडवी याच फेऱ्यांवर, आणि शेवटचा सोलोही याच फेऱ्यांवर. वेगळं आहे ते धृपद, तेही पुन्हा पुन्हा येणारं.

म्हणजे साथीच्या गिटारचा खरोखर नवा मजकूर किती? आठ बारांची मूळ फेरी, तिच्यातले थोडे फरक, आणि धृपदाचे बार. उदार हाताने मोजले तरी तीस-पस्तीस. सोलो मात्र 4 मिनिटं 20 सेकंदांच्या सुमाराला सुरू होतो आणि शेवटच्या फेडपर्यंत चालतो. तिथले सुमारे 40 बार जवळपास सगळे नवे, आणि शेवटी दोन गिटार एकत्र चालतात म्हणून काही बार दुप्पट धरावे लागतात. एकूण नवं काम 80 बारांच्या घरात. त्यातला साथीचा भाग तुम्ही स्वतः लिहू शकता.

माझा सल्ला स्पष्ट आहे: साथ स्वतः लिहा, सोलो करून घ्या, आणि दर ‘नव्या बारां’वर ठरवा. काम करणाऱ्याला साडेसहा मिनिटांच्या गाण्याचं काम देऊ नका. ‘4:20 ते शेवट, लीड गिटार 1 आणि 2’ असं काम द्या. दोन वाक्यांत बिल निम्म्यावर येऊ शकतं.

स्वतः करायचं असेल तर

लागणारी साधनं फुकट मिळतात. आवाजाची फाइल कापायला आणि हळू करायला ऑडॅसिटी. टॅब लिहायला म्यूझस्कोर स्टुडिओ किंवा टक्सगिटार. तिन्ही मोफत आहेत. इथे एक सावधगिरी: म्यूझस्कोरचं मोफत सॉफ्टवेअर ‘डॉट ऑर्ग’ संकेतस्थळावर आहे. त्याच नावाचं ‘डॉट कॉम’ हे वेगळं, वर्गणी घेणारं संकेतस्थळ आहे. तिथे मोफत चाचणीसाठी कार्ड दिलंत तर मुदत संपल्यावर वर्गणी कापली जाते. सॉफ्टवेअर उतरवायला कार्डाची गरज नाही.

पैसे खर्च करायचेच असतील तर कानाच्या कामावर करा. ‘ट्रान्सक्राइब’ नावाचं सॉफ्टवेअर साधारण 40 डॉलरला एकदाच घ्यायचं असतं आणि आधी 30 दिवस मोफत वापरता येतं. एका गाण्याला 30 दिवस पुरतात. गिटार प्रो छान आहे, पण 70-80 डॉलर एका टॅबसाठी घालू नका. आणि फक्त दुसऱ्याने पाठवलेली गिटार प्रोची फाइल उघडायची असेल तर मुळीच घेऊ नका. म्यूझस्कोर आणि टक्सगिटार दोन्ही ती फाइल उघडतात.

गाण्याची फाइल कुठून आणायची? स्पॉटिफाय किंवा ॲपल म्युझिकवर ‘डाउनलोड’ केलेलं गाणं दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाही. सीडी असेल तर ती संगणकावर उतरवा. यूट्यूबवरून गाणं उतरवणं त्यांच्या अटींत बसत नाही. पण तिथेच वेग अर्ध्यावर आणून ऐकता येतं, पट्टी न बदलता, आणि सुरुवातीच्या कॉर्डसाठी तेवढं पुरतं.

कामाचा क्रम असा ठेवा. पहिल्यांदा ट्यूनिंग तपासा. टेपवरच्या जुन्या रेकॉर्डिंगची पट्टी कधी कधी थोडी वरखाली असते. तुमची गिटार ट्यूनरवर बरोबर असूनही रेकॉर्डिंगशी किंचित बेसूर लागत असेल तर गिटारला हात लावू नका. ऑडॅसिटीतून फाइलची पट्टी सरकवा. मग बास ऐका, कारण कॉर्ड कोणती हे बहुतेक वेळा बास सांगतो. त्यानंतर डावा आणि उजवा चॅनल वेगवेगळा करून ऐका. त्या काळच्या मिश्रणात दोन गिटार अनेकदा दोन बाजूंना ठेवलेल्या असतात. सोलो सगळ्यात शेवटी, दोन-दोन सेकंदांचे तुकडे करून.

स्वर सापडला म्हणजे टॅब सापडला असं नाही. गिटारवर एकच स्वर अनेक जागी असतो. सर्वांत वरच्या तारेचा मोकळा ई हा बी तारेच्या पाचव्या, जी तारेच्या नवव्या आणि डी तारेच्या चौदाव्या फ्रेटवरही आहे. कोणती जागा खरी? बेंड कुठून घेतलाय, आधीचा-नंतरचा स्वर हाताच्या आवाक्यात आहे का, यावरून ठरवा. मैफलीचं चित्रीकरण आवाज बंद करून पाहा. डावा हात कुठे आहे हे दिसलं की तासाभराचा विचार वाचतो.

वेळेचं म्हणाल तर कॉर्ड ओळखता येत असतील, तर साथीचा भाग एका निवांत संध्याकाळी होतो. सोलोला सराव असलेल्या कानालाही पाच-सहा तास धरा. नवख्याला तीन-चार शनिवार-रविवार लागतील. गाणं रविवारी वाजवायचंय आणि आज गुरुवार आहे, तर सोलो स्वतः लिहायला घेऊ नका.

यंत्राकडून किती अपेक्षा ठेवायची

गाण्यातून गिटार वेगळी काढून देणारी साधनं खरोखर उपयोगी आहेत. डेमक्स हे मोफत आहे आणि त्याच्या सहा भागांच्या मॉडेलमध्ये गिटारचा स्वतंत्र भाग मिळतो. अल्टिमेट व्होकल रिमूव्हर या मोफत सॉफ्टवेअरमधून ते चालवता येतं. मोबाइलवरची मोइझेससारखी अॅप सोपी, पण मोफत योजनेत गाण्यांची संख्या आणि लांबी यांवर मर्यादा असतात. साडेसहा मिनिटांचं गाणं त्यात बसतं का ते चढवण्याआधी पाहा, नाहीतर गाणं दोन तुकड्यांत कापा.

आवाजावरून थेट टॅब बनवणाऱ्या सेवांसाठी मात्र मी आज पैसे देणार नाही. स्पॉटिफायचं मोफत बेसिक पिच एकावेळी एकच वाद्य असेल तेव्हा बऱ्यापैकी स्वर ओळखतं आणि मिडी फाइल देतं. त्या फाइलमध्ये तार आणि फ्रेट नसतात, आणि एकमेकांवर चढलेल्या दोन लीड गिटारांत गोंधळ होतो. अडलेला एखादा स्वर शोधायला वापरा, त्यापुढे नको.

दुसऱ्याकडून करून घेताना

दोन वाटा आहेत: गावातला गिटार शिक्षक किंवा ऑनलाइन मंचावरचा अनोळखी माणूस. ठरलेलं दरपत्रक कुठेच नाही. शिक्षकाला विचारताना त्याच्या तासाच्या फीवरून अंदाज बांधा. समजा तासाला 600 रुपये घेतो आणि सोलोला सहा तास लागतील म्हणतो, तर 3,600 रुपये. त्याच पैशांत एक तास शिकवण्याचा मिळत असेल तर शिक्षकच घ्या. कोणतं बोट कुठे जातं हे कागद सांगत नाही.

सोबत काय द्यायचं? रेकॉर्डिंगचं नाव, साल आणि दुवा, ‘1976चं स्टुडिओ’ की ‘1994चं लाइव्ह’ हे शब्दांत लिहून. मिनिट-सेकंद. कोणत्या गिटार. कॅपो आणि ट्यूनिंग. बारा तारांचा भाग सहा तारांसाठी हवा हेही सांगा, नाहीतर सप्तकाच्या जादा तारांसह आलेला टॅब तुम्हाला वाजवता येणार नाही. हॅमर-ऑन, पुल-ऑफ, स्लाइड, व्हायब्रॅटो यांच्या खुणा हव्यात, आणि प्रत्येक बेंड अर्ध्या स्वराचा की पूर्ण हे लिहिलेलं हवं. लय दाखवणारं नोटेशन हवं. पीडीएफसोबत बदल करता येणारी फाइलही हवी. नुसती पीडीएफ आली तर उद्या पट्टी बदलायला पुन्हा पैसे लागतात.

छुपे आकार ऑनलाइन वाटेवर जास्त. फायव्हर या कामं देण्या-घेण्याच्या ऑनलाइन मंचावर कामाच्या किमतीवर 5.5 टक्के सेवाशुल्क लागतं, छोट्या ऑर्डरवर वेगळं ठरावीक शुल्क, वर कर. तुमचं कार्ड परकीय चलनासाठी बँकेप्रमाणे साधारण 2 ते 3.5 टक्के कापतं आणि त्या कापलेल्या रकमेवर 18 टक्के जीएसटी. 30 डॉलरचं काम घरी येईपर्यंत 35च्या पुढे जाऊ शकतं. याशिवाय ‘लवकर हवं’, ‘जादा गिटार’, ‘बदल करता येणारी फाइल’, ‘दुसरी दुरुस्ती’ या प्रत्येक खूणचौकटीला वेगळे पैसे. मूळ भाव पाहून खूश होऊ नका. सगळ्या चौकटी भरून शेवटच्या पानावरचा आकडा पाहा. कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतील तर ते आधी बँकेच्या अॅपमधून चालू करा आणि काम झालं की पुन्हा बंद करा. वर्गणीची सेवा घेतली असेल तर पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी बँकेकडून सूचना येते. ती वाचा, नको असेल तर तिथूनच रद्द करा.

पूर्ण आगाऊ रक्कम देऊ नका. आधी सोलोतले आठ बार पैसे देऊन करून घ्या, शक्यतो मधले. सुरुवातीचे बार कुठूनही उचलता येतात. नमुना आवडला तर बाकीचं काम, एक दुरुस्ती दरात धरून.

दोन मिनिटांचा सोलो तासाभरात तयार झाला, तर तो बहुधा फुकट टॅबवरून उतरवलेला आहे. ओळखायची सोपी रीत: फाइल उघडा आणि गाण्याच्या माहितीचा रकाना पाहा. उचललेल्या फाइलमध्ये मूळ टॅब करणाऱ्याचं नाव तिथे अनेकदा तसंच राहिलेलं असतं. मग तोच सोलो एक-दोन फुकट टॅबशी ताडून बघा. चुकासुद्धा त्याच जागी असतील तर राहिलेले पैसे रोखा.

काम हातात आल्यावर सॉफ्टवेअरमधल्या आवाजावर विसंबू नका. तो आवाज सगळंच बरोबर असल्यासारखं वाजवतो. टॅब समोर ठेवा, मूळ रेकॉर्डिंग अर्ध्या वेगाने लावा आणि स्वतः वाजवा. हाताला अशक्य उड्या येत असतील, सलग दोन स्वरांत दहा फ्रेटचं अंतर असेल, तर जागा चुकलेल्या आहेत. बार क्रमांक लिहून दुरुस्ती मागा. ‘नीट वाटत नाही’ एवढ्यावर कुणी दुरुस्त करत नाही.

कायद्याचं थोडं

भारताच्या 1957च्या कॉपीराइट कायद्यात संगीतरचनेचं लेखन करणं हे ‘रूपांतर’ धरलं आहे, आणि तो हक्क रचनाकाराचा आहे. खासगी वापरासाठी वाजवी उपयोगाला कलम 52 सूट देतं. म्हणून स्वतः वाजवण्यासाठी स्वतः लिहिलेल्या टॅबची काळजी करू नका. तोच टॅब विकायचा असेल, पुस्तकात छापायचा असेल किंवा पैशांच्या वर्गासाठी संकेतस्थळावर ठेवायचा असेल, तर परवाना लागतो. आपल्याकडे हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतात, त्यामुळे सत्तरच्या दशकातलं गाणं ‘जुनं झालं, आता मोकळं’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. हॅल लिओनर्डच्या अरेंजमीसारख्या मंचावर काही गाण्यांच्या अरेंजमेंट परवान्यासह विकता येतात. तुमचं गाणं यादीत आहे का ते काम सुरू करण्याआधी तपासा, नंतर नव्हे.

कॉलेजच्या कार्यक्रमात किंवा रेस्टॉरंटमध्ये वाजवणार असाल तर तिथे लागतो तो जाहीर वादनाचा परवाना, टॅबचा नव्हे. तो सहसा आयोजकाने किंवा जागेच्या मालकाने आयपीआरएस या संगीताच्या हक्कांचं काम पाहणाऱ्या संस्थेकडून घ्यायचा असतो. तुमच्याकडे त्याचे पैसे मागितले, तर आयोजकाला पावती दाखवायला सांगा आणि ठरलेल्या मानधनातून ती रक्कम वजा होणार नाही हे कार्यक्रमाआधी लेखी घ्या.